साखर

आमच्या कारखान्यावर मैदान नव्हतं.
गव्हाणीसमोरचं आवार होतं.
सकाळच्या टायरगाड्या रिकाम्या होऊन गेल्या
की संध्याकाळच्या येईस्तोवर ते आमचं.
मांजरेकडून वारा यायचा, मळीचा वास घेऊन.
बॉयलरची राख ओतून रेघा मारायच्या.
गोल म्हणून एकीकडं वाढ्याचे दोन भारे,
दुसरीकडं वजनकाट्याची भिंत,
भिंतीत माझ्या बापाची खिडकी.
काच फुटली की सामना संपला,
एवढा एकच नियम सगळ्यांना पाठ.

त्या डिसेंबरात चीफ केमिस्टच्या बंगल्यावर
त्यांच्या बहिणीचा कौस्तुभ आला, मेलबर्नचा.
पांढरे बूट, इतके पांढरे की त्यांचीच काळजी वाटावी.
कडेला उभा राहून म्हणाला,
“तुम्ही सॉकर खेळता?”
बस्वराज म्हणाला, “साखर? ती आत बनते गा.
हितं आम्ही फुटबॉल खेळलालोत.”

मग तो सांगत बसला, उसाच्या चिपाडावर बसून:
त्यांच्याकडं फुटबॉल म्हणजे दुसरंच काही,
चेंडू अंड्यासारखा,
छातीशी धरून पळायचं.
“हातात घेऊन?”
“हातात.”
“मग फुटबॉल कसं?”
कौस्तुभनं खूप विचार केला.
“म्हणतात,” म्हणाला.
इंग्लंडात मात्र तुमच्यासारखंच.
अमेरिकेत सॉकर; तिथला फुटबॉल तिसराच,
डोक्यावर टोप घालून एकमेकांना धडकायचं.
म्हणजे ज्यांची भाषा, त्यांच्यातच फूट.
फूट आम्हाला माहीत होती,
दर पाच वर्षांनी संचालक मंडळात पडायची.

निटूरकर सर म्हणायचे, शुद्ध बोला, पायचेंडू.
त्यांच्या तासापुरतं आम्ही शुद्ध बोलायचो.
आई म्हणायची, झाल्या का लाथाळ्या? हात धुवा.
(पाय म्हणायला पाहिजे होतं तिनं.)
आणि इलियासमामू, टर्बाईनवरून रिटायर,
एके काळी कारखान्याच्या टीमचा गोली,
दाभणानं चेंडू शिवता शिवता, दोरा दातात धरून,
“फुटबाल” म्हणायचा, लांबवून,
जसं कुणी हैदराबादच्या मावशीचं नाव घ्यावं.
कौस्तुभचं सगळं त्यानं ऐकून घेतलं.
“नाम कुछ बी रखो रे पोट्टेओ,” म्हणाला,
“हवा हौना.”
आणि पंप शोधायला उठला.

भाऱ्यांमधल्या गोलावर गोदी असायची.
धारूरकडच्या टोळीची, कोप्यांतली.
कडेवरचं भावंडं वाढ्यात ठेवायची,
परकर खोचायची,
आणि मग तिच्याकडून चेंडू आत घालणं
म्हणजे मुकादमाकडून उचल मागणं.
अनवाणी. टाचांना भेगा, भेगांत राख.
तिनं खेळाला कधीच काही नाव दिलं नव्हतं.
“येऊ का?” एवढंच म्हणायची.
कौस्तुभनं बूट काढून ठेवले त्या दिवशी
त्याचे तीन फटके तिनं अडवले,
एक पोटावर.
तो वाकून म्हणाला, यू आर गुड.
ती बस्वराजला म्हणाली, “काय म्हणतंय हे?”
“साखर म्हणतोय,” बस्वराज म्हणाला.
ती हसली. एक दात अर्धा होता.

कौस्तुभ जानेवारीत गेला.
पट्टा मार्चअखेर पडला, भोंगा मुका झाला,
कोप्या उठल्या,
चुलींचे काळे गोल तेवढे राहिले आवाराच्या कडेला.
आम्ही उन्हाळाभर भाऱ्यांच्या जागी चपला ठेवून खेळलो.
कुणीही यावं, गोल करून जावं.

पुढच्या दिवाळीनंतर गाड्या आल्या.
ती टोळी तीच, बैलांची शिंगं तीच, हिंगूळ लावलेली.
गोदी नव्हती.
वाढ्यात ठेवायची ते भावंडं आता चालत होतं,
त्याला धरून तिचा मधला भाऊ रेघेबाहेर उभा राहिला,
बराच वेळ.
मग म्हणाला, अक्का सासरी हाय, तिकडं केजला.
आणि एक निरोप, घोकून आणल्यासारखा:
“तिनं इचारलंय,
साखर खेळता का अजून.”

माझ्या बापाच्या खिडकीला तेव्हा काच नव्हती,
पुठ्ठा होता.
बस्वराजनं चेंडू त्याच्याकडं ढकलला, हळू,
पायाच्या आतल्या बाजूनं.